देवघरातला पासपोर्ट

मंडळी, देवाला नमस्कार झाला, वाद्यांना झाला, तुम्हा श्रोत्यांनाही झाला. आता एक नमस्कार शंकेला. आजच्या आख्यानाची कुलदेवता तीच आहे. जिची गोष्ट सांगणार, त्या बाईच्या मनात शंका आली नसती तर ती आज घरातच बसून असती, आणि मला इथे उभं राहायला कारणच उरलं नसतं.

तर प्रश्न असा : माणूस प्रवासाला निघतो, तो नेमका केव्हा निघतो?

सोपा वाटतो ना? सांगा मग. — तिकीट काढलं की? बरं. समोरचे काका म्हणतात, बॅगेची चेन लागली की. काका, ती चेन आजवर तुम्ही कधी लावलेली नाही. शेजारी काकूंचा चेहरा बोलतो आहे. आणि मागच्या खांबापासून आवाज आला, विमानाची चाकं जमीन सोडतात तेव्हा. हे गृहस्थ शाळेत विज्ञानात पास झालेले दिसतात.

आता माझं ऐका. मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. स्थिर वस्तू बाहेरून बल लागल्याशिवाय हलत नाही, हा नियम मला पाठ आहे आणि मान्यही आहे. पण तो दगडाचा नियम आहे. आपल्या घराघरांतून तो माणसांना लावला जातो, आणि त्यातही घरातल्या बायकांना. कुणीतरी परवानगीचं बल लावावं, मग हिनं हलावं. आजचं आख्यान या समजुतीच्या विरुद्ध आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे प्रसाद घेताना तक्रार नको.

ओवी माझीच आहे, चाल पेटीवाल्यांची. तेव्हा चूक झाली तर अर्धी अर्धी.

दिशा म्हणजे फक्त नाव | आपण उभे तोच ठाव |
पाय उचलता ते गाव | मागे राही ||

आख्यान लावतो.

मिरजेत कुंदाताई हसबनीस नावाच्या बाई राहतात. साठी उलटलेली, एक गुडघा कुरकुरणारा, नजर साफ. नोकरी टेलिफोन खात्यात झाली — ट्रंक कॉल जोडायची. इथे बसलेल्या तरुणांना सांगायला हवं, एके काळी परदेशी बोलायचं तर नाव नोंदवून वाट बघावी लागे, आणि दोन माणसांच्या मध्ये एक बाई बसलेली असे. तिनं जोडलं तर तुम्ही बोलणार. ती बाई म्हणजे ह्या. मस्कत, नैरोबी, लंडन, सगळं जग यांच्या कानावरून गेलं. पायाखालून काही गेलं नाही.

एकदा एका जहाजावरच्या मुलानं नॉर्वेच्या पार वरच्या टोकावरून आपल्या आईला फोन लावला. लाईन स्वच्छ आहे ना, हे ऐकून बघणं कुंदाताईंचं कामच होतं. त्यांनी जरा जास्तच वेळ ऐकलं. मुलगा म्हणाला, ‘आई, काल रात्री बारा वाजता मी उन्हात उभा होतो.’

आई म्हणाली, ‘तू काही घेतलं होतंस का?’

‘अगं, खरंच ऊन होतं. इथं सूर्य मावळतच नाही.’

‘नसेल मावळत. तू झोपत जा वेळेवर.’

लाईन तुटली. पण कुंदाताईंच्या मनात ते ऊन राहिलं. रात्री बाराचं ऊन एकदा स्वतःच्या अंगावर घ्यायचं. बस, एवढीच इच्छा. सोनं नाही, बंगला नाही, मोक्षसुद्धा नाही.

मंडळी, यात चमत्कार कसलाही नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ती ताठ उभी राहून फिरत नाही, जरा कलून फिरते. त्या कलामुळे उन्हाळ्यात तिचा माथा सतत सूर्याकडे राहतो. माथ्यावर जे गाव असेल, त्याला कितीही गरगर फिरवा, ते सावलीत जातच नाही. आपल्या मृदंगवाल्यांनी समेवर मान कलती केली आहे, तशीच. समईचा उजेड त्यांच्या टकलावर कसा टिकून आहे बघा. माफ करा बुवा, पण याहून चांगलं उपकरण मला या देवळात मिळालं नाही.

पुढे संसार झाला. यजमान रघुवीरराव रेल्वेत होते. नऊ वर्षांपूर्वी ते कामासाठी दिल्लीला निघाले आणि वाटेतच, गाडीत, हृदयक्रिया बंद पडून गेले. स्टेशनावर निरोप द्यायला धाकटे भाऊ होते — विश्वंभरराव. हे कुंदाताईंचे दीर. हे नाव लक्षात ठेवा, आणि एक गोष्टही लक्षात ठेवा : हा माणूस दुष्ट नाही. घाबरलेला आहे. आपल्या घरांतली बरीचशी सक्ती दुष्टपणातून येत नाही, भीतीतून येते. म्हणून ती ओळखायला अवघड आणि मोडायला त्याहून अवघड.

भावाचं सगळं आटोपल्यावर विश्वंभररावांनी पंचांग काढलं. बघतात तो काय — भाऊ निघाला तो वार बुधवार, दिशा उत्तर. आणि मंगळवार-बुधवार उत्तरेला दिशाशूळ. म्हणजे त्या वारी त्या दिशेला जाऊ नये. या माणसाच्या छातीत तेव्हापासून एक खिळा बसला : मी आधी बघितलं असतं तर दादा वाचला असता.

आता या घरात कुंदाताईंनी एके दिवशी जेवताना सांगितलं, ‘मी नॉर्वेला जातेय. पुण्याच्या एका कंपनीची सहल आहे. नाव नोंदवून आले.’

जाऊबाई इंदू वाढत होत्या. पळी हवेत राहिली. ‘अहो वहिनी, एवढं लांब? त्यापेक्षा काशी करा की. पुण्य तरी लागेल.’

‘काशीला ऊन दिवसा पडतं, इंदू. तसलं मी मिरजेत रोज बघते.’

विश्वंभरराव म्हणाले, ‘थंडी असते तिथं. तुमचा गुडघा...’

‘गुडघा माझ्याबरोबरच येणार आहे, भाऊजी. त्यालाही जरा बदल हवाय.’

‘लोक काय म्हणतील?’

‘ते मराठीत म्हणतील. मी नॉर्वेत असेन.’

आता इथे आख्यान क्षणभर बाजूला. कारण तुमच्यातल्या पाचसहा जणांच्या डोळ्यांत मला आत्ताच विमानतळ दिसू लागला आहे, आणि अर्धवट माहितीवर कुणी निघावं हे मला पटणारं नाही. आधी पासपोर्ट उघडून त्याची मुदत बघा. परत यायच्या तारखेनंतरही निदान सहा महिने शिल्लक असलेली बरी. बरेच देश त्याशिवाय आत घेत नाहीत, आणि तिथल्या अधिकाऱ्यापुढे ‘साहेब, जरा ॲडजस्ट करा’ हा मंत्र चालत नाही. प्रवासाचा विमा काढा. आपल्याकडे विमा काढणं म्हणजे अशुभ बोलणं समजतात. विमा हा अशुभ बोलत नाही, तो अशुभाचा हिशेब आधी करून ठेवतो. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, जवळच्या पिशवीत. सामानाच्या बॅगेत नव्हे, कारण बॅग कधी कधी तुमच्याआधी दुसरा देश बघून येते. सुकं खोबरं नेऊ नका. त्यात तेल असतं, ते पेट घेतं, आणि तपासणीत तुमच्या लाडक्या चटणीचा पंचनामा होतो. पेढे, तूप, दुधाचा कोणताही पदार्थ युरोपात न्यायला मनाई आहे. मेतकूट चालतं. ज्यानं मेतकूट शोधलं त्याला हे माहीत असावं, असा मला संशय आहे. आणि जिथे रात्रीही उजेड असतो तिथे डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी न्या. निसर्गाचा चमत्कार पहिल्या रात्री आवडतो, तिसऱ्या रात्री झोप हवी असते.

हे सगळं कुंदाताईंनी केलं. नीट, वेळेवर, कुणालाही न विचारता. एकच गोष्ट त्यांनी घरच्यांच्या समाधानासाठी केली, आणि तिथेच घोटाळा झाला.

सहलीचं विमान मुंबईहून. मिरजेतून निघायचं बुधवारी सकाळी. जायचं उत्तरेला.

विश्वंभरराव पंचांग घेऊन आले. चेहरा उतरलेला. ‘वहिनी, बुधवार आहे.’

‘विमान बुधवारचं आहे, भाऊजी. त्याला पंचांग वाचता येत नाही.’

‘आणि दिशा उत्तर.’

‘तुमच्या माहितीसाठी सांगते, विमान आधी पश्चिमेला जातं. आखातात थांबतं. मग वर वळतं.’

‘शेवटचं ठिकाण बघायचं असतं.’

‘शेवटचं ठिकाण मिरज आहे. परत येणार आहे मी.’

भाऊजी हसले नाहीत. डोळे भरून आले त्यांचे. ‘यावर उपाय आहे,’ म्हणाले. ‘प्रस्थान ठेवू. नाही म्हणू नका.’

प्रस्थान ठेवणं म्हणजे काय, हे तरुणांसाठी सांगतो. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी एक छोटं बोचकं निघतं — थोडे तांदूळ, सुपारी, हळकुंड, एखादं नाणं, प्रवाशाचं एखादं वस्त्र. ते त्या दिशेच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. बोचकं निघालं म्हणजे माणूस निघाला, असं मानायचं. मग खऱ्या दिवशी जाता जाता ते उचलून पुढे जायचं. अट एवढीच, की ते परत घरी आणायचं नाही.

मला विचाराल तर यात बुद्धी आहे. आपल्या पूर्वजांना नियमही पाळायचा होता आणि कामही अडू द्यायचं नव्हतं. त्यांनी नियमाला बगल दिली आणि बगलेला विधी म्हटलं. नियम खोटा आहे हे त्यांना ठाऊक असावं. मोठ्यानं सांगण्याची त्यांची तयारी नव्हती, इतकंच.

कुंदाताई म्हणाल्या, ‘त्यानं तुम्हाला झोप लागणार असेल तर ठेवा.’

सोमवारी दुपारी बोचकं निघालं. ठिकाण — रेल्वेफाटकापलीकडे दिगंबर उपळेकर, भाऊजींचे मित्र. हे घर हसबनिसांच्या घरापासून बरोबर उत्तरेला येतं याची खात्री भाऊजींनी होकायंत्र लावून केली होती. या सबंध प्रकरणात विज्ञानाचा सहभाग तेवढाच. उपळेकरांनी बोचकं आदरानं देवघरात ठेवलं.

बुधवार उजाडला. गाडी दाराशी उभी. चालक दस्तगीर, शेजारच्या गल्लीतला, बॅगा चढवतोय. कुंदाताईंनी हातातली पिशवी तपासली. विमा आहे, तिकीट आहे, औषधं आहेत. पासपोर्ट नाही.

‘भाऊजी, परवा झेरॉक्स काढायला पासपोर्ट नेला होतात. कुठं ठेवलात?’

भाऊजी शांतपणे म्हणाले, ‘तो सोमवारीच निघाला.’

‘निघाला म्हणजे?’

‘प्रस्थानात आहे. ज्याच्यावाचून प्रवाशाचं अडतं ती वस्तू ठेवावी, म्हणजे प्रवासी पूर्ण निघतो. पूर्वी कुणी जोडा ठेवी, कुणी काठी. आता पासपोर्टच नाही का खरा प्रवासी? जाता जाता उचलू.’

मंडळी, तर्क बघा. चुकीच्या पायावर किती नेटकं बांधकाम आहे. बुद्धी कमी असणारा माणूस ही चूक करूच शकत नाही. आणि टीप म्हणून हेही मनात ठेवा : पासपोर्ट कुणाच्याही हाती देऊ नका. नवऱ्याच्या नाही, मुलाच्या नाही, सहल कंपनीच्या नाही, देवाच्या तर नाहीच. त्याला लागत नाही.

कुंदाताई काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. भाऊजींनी घेतला. ऐकता ऐकता हसले, मग गंभीर झाले, मग खुर्चीवर बसले.

‘उपळेकरांकडे नातू झाला. पहाटे. प्रसूतिगृहात आहेत सगळे.’

‘अरे वा,’ इंदू म्हणाल्या.

‘वा काय? त्यांना सोयर लागलं. दहा दिवस.’

सोयर म्हणजे बाळ झाल्यावर घराला लागणारा विटाळ. त्या घरातली माणसं देवघरात पाऊल टाकत नाहीत, पूजेच्या वस्तूला शिवत नाहीत. बोचकं देवघरात. बोचक्यात पासपोर्ट. आणि विमान आज रात्री.

‘मग मी जाऊन घेते,’ कुंदाताई म्हणाल्या.

‘नाही. प्रस्थान बाटलं. ते आता उचलता येत नाही, पुढं नेता येत नाही, परत आणता येत नाही. वहिनी, हा साधा योग नाही. तुम्हाला कुणीतरी थांबवतंय. ऐका त्याचं.’

‘पुढच्या वर्षी जा,’ इंदू हळूच म्हणाल्या. ‘कुठं पळून जातंय ते ऊन?’

ऊन पळून जात नाही, हे खरंच आहे. पुढची काही अब्ज वर्षं ते तिथेच पडणार आहे. पळून जातो तो गुडघा. ‘पुढच्या वर्षी’ हे दोन शब्द ऐकत किती बाया या देवळात म्हाताऱ्या झाल्या, ते मी विचारत नाही. तुम्ही एकमेकींकडे बघितलंत तेवढं पुरे.

कुंदाताईंनी चप्पल घातली. ‘दस्तगीर, चल. आधी प्रसूतिगृह.’

‘मावशी, मुंबई?’

‘मुंबई बाळाला बघून.’

प्रसूतिगृहात उपळेकरकाकू नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या. कुंदाताईंना बघून उजळल्या, आणि लगेच ओशाळल्या. ‘कुंदाताई, तुम्ही आज निघणार होतात नं? अगंबाई, ते बोचकं... पण आम्हाला सोयर आहे हो. किल्ली माझ्याच कमरेला आहे, आता माझ्या हातून तुम्हाला कशी देऊ? तुमचा प्रवास बाटेल.’

कुंदाताईंनी विचारलं, ‘बाळाला घेऊ का?’

‘नको नको, तुम्हालाही...’

त्या वाकल्या आणि बाळाला उचललं. छातीशी धरलं. पोरगं लाल, सुरकुतलेलं, डोळे घट्ट मिटलेले, मुठी वळलेल्या. उजेड या वस्तूची त्याला अजून चीड होती. कुंदाताई त्याला निरखत म्हणाल्या, ‘केव्हा झाला?’

‘पहाटे. डॉक्टर रविवार म्हणत होते. आमचे हे म्हणत होते गुरुवारचं नक्षत्र चांगलं. यानं कुणाचंच ऐकलं नाही.’

‘बुधवारी निघाला.’

‘हो ना.’

‘कुणाला विचारलं नाही.’

‘कुणाला विचारणार? वेणा सुरू झाल्या, आला.’

कुंदाताईंनी बाळाला काकूंच्या मांडीवर परत ठेवलं आणि हात पुढे केला. ‘आता मलाही तुमचं सोयर लागलं. तुम्ही आणि मी सारख्या. द्या किल्ली.’

काकूंनी क्षणभर बघितलं. मग कमरेची किल्ली सोडून तळहातावर ठेवली, आणि हसल्या. ‘दहा दिवस कुणी मला पाणीसुद्धा हातानं देणार नाही. तुम्ही पोर उचललंत. जा बाई. बघून या काय बघायचंय ते.’

मंडळी, या बाईनं शास्त्रार्थ केला नाही, भांडण केलं नाही. सबंध इमारत ज्या एका भिंतीवर उभी होती, तिला हात लावून बघितला. भिंत नव्हतीच. प्रयोगशाळेत आम्ही याहून वेगळं काही करत नाही.

गाडी उपळेकरांच्या दारात आली. तिथे पायरीवर विश्वंभरराव बसलेले. स्कूटर बाजूला. आधीच पोचले होते.

‘वहिनी, आत जाऊ नका.’

‘सरका, भाऊजी.’

‘मी तुमच्या पाया पडतो.’ आणि तो पासष्ट वर्षांचा माणूस खरंच वाकला. ‘दादा बुधवारीच गेला. उत्तरेलाच गेला. मी स्टेशनवर हात हलवत उभा होतो. पंचांग घरात होतं. मी बघितलं नाही. आज मी बघितलंय. आज मी तुम्हाला जाऊ दिलं, तर मला पुन्हा हात हलवायला लावणार का तुम्ही?’

दस्तगीरनं गाडी बंद केली.

इथे उत्तर देणं सोपं नव्हतं. समोर अंधश्रद्धा असती तर बाईनं हसून उडवली असती. समोर नऊ वर्षांचं दुःख होतं, पंचांगाचा अंगरखा घालून बसलेलं.

कुंदाताई पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या. ‘भाऊजी, तुमच्या दादांना डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रक्तवाहिनी तुंबलीय, तपासणी करून घ्या. ते म्हणाले, दिल्लीहून आल्यावर बघू. मी म्हटलं, आधी करा. ते म्हणाले, तुला काय कळतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मेलेल्या माणसाची चूक काढावीशी वाटली नाही. पण तुम्ही ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसलात.’

भाऊजींनी मान वर केली.

‘आणि ती गाडी भरलेली होती. त्याच बुधवारी, त्याच दिशेला, त्याच रुळांवरून गाडीभर माणसं दिल्लीला गेली. उतरली, चहा प्यायली, कामाला लागली. त्यांच्या भावांनी पंचांग काढलं नाही, म्हणून त्यांचा बुधवार तुम्हाला माहीत नाही. तुम्ही एक माणूस मोजलात आणि बाकीची गाडी सोडून दिलीत.’

‘तिथं तुम्हाला काही झालं तर?’

‘तर तिथं होईल. विमा काढलाय. आणि काही झालं, तर माझं हृदय, माझा गुडघा, माझं वय यांतल्या कशानं तरी होईल. बुधवारानं नाही. तुम्ही त्याला दोष देऊ नका, आणि स्वतःला तर मुळीच देऊ नका. मी तुम्हाला विचारून जात नाहीये, भाऊजी. सांगून जातेय.’

त्या उठल्या. कुलूप उघडलं. देवघरात गेल्या. बोचकं सोडलं. तांदळाचे चार दाणे पासपोर्टच्या पानांत शिरले होते, ते फुंकून टाकले. सुपारी, हळकुंड, नाणं, वस्त्र होतं तिथे ठेवलं. बाहेर आल्या, किल्ली भाऊजींच्या हातात दिली.

‘ही काकूंना नेऊन द्या. आणि बाळाला बघून या.’

‘सोयर आहे वहिनी.’

‘म्हणूनच सांगतेय.’

गाडी निघाली. भाऊजींनी हात हलवला नाही. आशीर्वादही दिला नाही. आख्यानकार म्हणून मला इथे त्यांचं मन पालटवण्याचा मोह होतो, पण घडलं ते असं : ते किल्ली धरून उभे राहिले, आणि किती वेळ उभे राहिले ते कुणी बघितलं नाही.

गाडीत दस्तगीर म्हणाला, ‘मावशी, वाटेत कुठं थांबायचं? देऊळ वगैरे?’

‘चहाला थांब. बरा चहा असेल तिथं.’

चौथ्या दिवशी मिरजेत फोन आला. भाऊजींनीच उचलला.

‘पोचलात? बऱ्या आहात?’

‘भाऊजी, मी उन्हात बसलेय. इथं घड्याळात रात्रीचे साडेबारा होत आलेत, तिकडे तुमची पहाट होतेय म्हणून फोन केला. तुम्ही उठलेले असणार. समोर समुद्र आहे, सूर्य त्याच्यावर बोटभर उंच उभा आहे, आणि खाली जायचं नाव नाही. लोक कुत्री फिरवायला बाहेर पडलेत.’

भाऊजींनी खिडकीतून बाहेरचा अंधार बघितला.

‘तुम्हाला एक विचारायचं होतं. वार कधी बदलतो? तुमच्या पंचांगाप्रमाणं?’

‘सूर्योदयाला.’

‘मी इथल्या वाटाड्याला विचारलं, इथं शेवटचा सूर्योदय कधी झाला. त्यानं मे महिन्यातली तारीख सांगितली. आम्ही मोबाईलवर वार काढला. बुधवार निघाला. म्हणजे इथं अजून तोच बुधवार चालू आहे, भाऊजी. जुलै संपत येईपर्यंत चालणार. दोन महिन्यांचा बुधवार, आणि सबंध गाव उत्तरेला. मी त्याच्यात बसून मेतकूट-भात खातेय.’

मंडळी, हसू नका. हा विनोद नव्हे, भूगोल आहे. जो नियम एका गावात सूर्यच उगवला नाही म्हणून कोलमडतो, तो विश्वाचा नियम नसतो. तो फार तर मिरजेचा असतो, आणि मिरजेनं तो बदलायला हरकत नाही.

भाऊजींनी विचारलं, ‘मग तिथं उपास कधी सोडतात?’

‘भूक लागली की.’

आणि मग तो माणूस म्हणाला, ‘मी बाळाला बघून आलो. नाक उपळेकरांचं आहे. बिचारं.’ आणि फोन ठेवला.

आख्यान एवढंच. कुंदाताई परत आल्या, गुडघाही आला. आता पहिल्या प्रश्नाकडे. माणूस निघतो केव्हा? कुंदाताई सोमवारी निघाल्या नाहीत, तांदूळ निघाले. गाडीचं चाक फिरलं तेव्हाही नाही. तेव्हा पासपोर्ट दुसऱ्याच्या देवघरात होता. ‘विचारून जात नाहीये, सांगून जातेय’ हे वाक्य त्या पायरीवर उच्चारलं गेलं, तेव्हा त्या निघाल्या. पुढे विमानानं केली ती हमाली.

आणि हे मी कुंदाताईंविषयी बोलत नाही, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. पुरुष मंडळींनो, तुमच्यातला एकही दुष्ट नाही, मला माहीत आहे. सगळे काळजीवाहू आहात. ‘तिला झेपणार नाही’, ‘एकटी कशी जाईल’, ‘मुलांच्या परीक्षा होऊ देत’, ‘माझी निवृत्ती होऊ दे’. काळजीच्या या बोचक्यात तुम्ही कुणाकुणाचं काय बांधून ठेवलंय, ते घरी जाऊन सोडून बघा. आणि बायांनो, तुम्हीही समाधानासाठी म्हणून पासपोर्ट हातचा सोडू नका. समाधान त्यांचं होतं, अडकता तुम्ही.

आता आरती. पुजारीबुवा तबक घेऊन उभे आहेत, निरांजन लागलं आहे. पण आज आरती जरा थांबेल. देवाला घाई नाही, त्याला मी विचारलं आहे असं समजा. या बाजूला बसलेल्या बायांपैकी जिला कुठे जायचं आहे, तिनं उठून त्या जागेचं नाव सांगायचं. मोठ्यानं. नवऱ्याकडे न बघता. कुणी उठेपर्यंत मी टाळ उचलणार नाही.

...

मी थांबलो आहे.

...

हां. त्या हिरव्या लुगड्यातल्या आजी. उठा, सावकाश. बोला.

‘आफ्रिका. मला मोकळे हत्ती बघायचेत. साखळी नसलेले.’

ऐकलंत? शेजारचे आजोबा, खाली बघू नका. जागा सांगितली आहे, परवानगी मागितलेली नाही. आजी, बसू नका, उभ्याच राहा. अजून कोण? — तिकडे दोघी उठल्या. खांबामागे एक. बोला बाई, मोठ्यानं बोला, पुजारीबुवांना ऐकू गेलं पाहिजे. आपण सगळी नावं ऐकू, आणि मग उभ्यानंच आरती म्हणू.